गोळ्या बंद करण्याआधी

"मॅडम, दिवस गेले म्हणून गोळ्या बंद केल्या." हे वाक्य माझ्या दवाखान्यात आनंदाच्या बातमीसोबत क्वचितच येतं. येतं ते चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर बाईची झोप उडालेली असते, दोन घास पोटात जात नसतात, आणि सोबत आलेली आई किंवा सासू सांगत असते की ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. गोळ्या कधी बंद केल्या, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कळलं त्याच दिवशी. कुणाला विचारून, यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. दवाखाना जळगावात, ठरलेल्या वारी एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाते. दोन्हीकडे नैराश्याच्या पेशंटमध्ये विशी-तिशीतल्या बायका पुष्कळ, त्यामुळे गरोदरपण आणि बाळंतपण हे विषय माझ्यासमोर रोजचेच. या कामातून माझं एक ठाम मत झालं आहे. बाळाच्या काळजीपोटी घरातली माणसं गोळीचा धोका मोजतात, आजाराचा धोका कुणीच मोजत नाही. मी जे नुकसान जवळून पाहिलं, ते बहुतेक या न मोजलेल्या धोक्यातून झालेलं होतं.

'कळलं त्याच दिवशी' गोळी टाकून देण्यामागे प्रेमच असतं, हे मला मान्य आहे. पण पाळी चुकून तपासणी होईपर्यंत पाच-सहा आठवडे उलटलेले असतात आणि बाळाचं हृदय घडायला तोवर सुरुवातही झालेली असते. एकदम तोडलेल्या गोळीचा फटका आईला मात्र लगेच बसतो. चक्कर, मळमळ, चिडचिड, घाम. "डोक्यात करंट मारतो," असं बायका सांगतात. घरच्यांना ते डोहाळे वाटतात. मग काही आठवड्यांनी खरा आजार परततो. "माले काहीच गोड लागत नही," असं धुळ्याकडची बाई म्हणते, तेव्हा ती जेवणाबद्दल बोलत नसते.

२००६ साली अमेरिकेत नैराश्याचा वारंवार त्रास झालेल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला. औषध बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के जणींचा आजार गरोदरपणातच उलटला. औषध चालू ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. नंतरच्या अभ्यासांत, सौम्य आजाराच्या बायकाही मोजल्यावर, एवढी तफावत दिसली नाही. म्हणून सगळ्यांनी गोळ्या चालूच ठेवाव्यात, असं मी म्हणत नाही. आजार किती खोल होता आणि किती वेळा परतला, यावर ते ठरतं. ते ठरवायची योग्य वेळ म्हणजे दिवस जाण्याच्या आधीची.

आमच्या भागात ही आधीची वेळ सहसा हातातून निसटते, त्याला कारणं आहेत. मानसिक आजार लग्न ठरवताना लपवलेला असतो. सगळ्या गोळ्यांना घरात एकच नाव, 'झोपेच्या गोळ्या'. त्या डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत राहतात. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडची आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्या दिवसांत दुपारच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन आई लेकीला माझ्याकडे घेऊन येते, कारण सासरहून या दवाखान्यात यायची सोय नसते. लेकीचं सासर रावेरकडे, माहेर साक्रीकडे आणि नवरा सुरतेला कामाला, असं असलं की तिची फाइलही तीन ठिकाणी विभागलेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सोनोग्राफीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून माहेरी जातात. माझा केसपेपर मात्र सासरीच राहतो, किंवा फाडून टाकलेला असतो. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना ही बाई कुठलं औषध घेत होती, तिला मागे काय झालं होतं, हे कळतच नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लग्नाच्या आणि लग्न झालेल्या मुलीला मी न चुकता विचारते: मूल कधी हवंय? हा प्रश्न लाजून टाळला जातो, तरी मी पुन्हा विचारते. त्यावरच औषधाची निवड अवलंबून असते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं आणि मूड चढण्या-उतरण्याच्या आजाराचं जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे. पण गर्भारपणात त्याने बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू यांना इजा होऊ शकते; मोठं व्यंग साधारण दहातल्या एका बाळाला होतं आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुलीला दुसरा काही पर्याय असताना ते सुरू करू नये. नैराश्याच्या गोळ्यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. पण घरात दोन्ही एकाच डब्यात असतात आणि एकीची भीती दुसरीला चिकटते.

पारोळ्याकडच्या एका शिक्षिकेची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला दोनदा गंभीर नैराश्य येऊन गेलं होतं. सर्ट्रालिन सुरू होतं, वर्षभर तब्येत उत्तम होती आणि आता मूल हवं होतं. नवरा-बायको आले, सोबत सासूबाई. सासूबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, माझ्या नातवाला काही झालं तर?"

प्रश्न रास्त होता. अशा वेळी मी कोरा कागद घेते, मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे लिहिते 'गोळी चालू ठेवली तर', उजवीकडे 'आजार परतला तर'. डाव्या बाजूला जे लिहिलं ते असं. कुठल्याही आईच्या, एकही गोळी न घेणाऱ्या आईच्याही, शंभर बाळांपैकी दोन-तीन बाळांत जन्मतः काही व्यंग असतं. अमेरिकेत साडेनऊ लाख गरोदर बायकांच्या नोंदी तपासून २०१४ साली जो अभ्यास छापला गेला, त्यात नैराश्याच्या गोळ्यांमुळे हृदयाच्या व्यंगात म्हणण्यासारखी वाढ आढळली नाही. पॅरॉक्सेटिन या एका औषधाबद्दल शंका राहिली, म्हणून मूल हवं असेल तर ते मी नव्याने सुरू करत नाही. जन्मल्यावर फुप्फुसाच्या रक्तदाबाचा एक दुर्मीळ त्रास होतो. तो हजारात साधारण दोन बाळांना होतो, शेवटच्या महिन्यांत या गोळ्या घेतलेल्या आयांच्या बाळांत हजारात तीनच्या आसपास. शिवाय दहातली तीनेक बाळं पहिले काही दिवस जरा थरथरतात, किरकिर करतात, दूध ओढायला वेळ लावतात. ते बहुधा आपोआप थांबतं. बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवलं की कुणी घाबरत नाही. स्वमग्नतेची भीती हल्ली फार विचारली जाते. एकाच आईच्या दोन मुलांची, एक गोळी चालू असतानाचं आणि एक नसतानाचं, तुलना केली तेव्हा फरक जवळजवळ उरला नाही. म्हणजे आधी जो दिसत होता तो बराचसा आजाराचा आणि घराण्याचा होता.

उजवी बाजू भरायला मी सुनेला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सासूबाईंकडे बघून म्हणाली, "आत्या, मागच्या वेळी मी विहिरीपर्यंत गेले होते. यांनी मागून येऊन धरलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

सासूबाईंना हे खरंच ठाऊक नव्हतं. मी तो रकाना त्यांच्यासमोर भरत गेले. आजारात जेवण सुटतं, वजन वाढत नाही, तपासण्या चुकतात. मिश्रीची सवय असेल तर ती वाढते. दिवस पूर्ण भरण्याआधी बाळंतपण होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. आणि जीव जातो. केरळमध्ये मातामृत्यूंची बारकाईने तपासणी झाली तेव्हा आत्महत्या हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. सासूबाईंनी कागद हातात घेतला, दोन्ही बाजू वाचल्या आणि मला विचारलं, "गोळी रोज किती वाजता द्यायची?" त्या घरात सुनेची थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी त्याच तिच्या हातावर ठेवत होत्या. त्या दिवसापासून रात्रीची गोळीही त्यांच्या ताब्यात गेली.

पुढे काही गोष्टी पाळाव्या लागतात. दिवस जाण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेणं, कारण रक्त कमी असेल तरी बाई थकून पडते आणि तो थकवा नैराश्यासारखाच दिसतो. औषध शक्यतो एकच, आणि पुरेशा मात्रेत. 'थोडीशीच घ्या' या सल्ल्यातून अर्धवट औषधाचा आणि अर्धवट आजाराचा असा दोन्ही त्रास बाळापर्यंत पोचतो. लागू पडलेली गोळी दिवस गेल्यावर 'अधिक सुरक्षित' म्हणून बदलू नये. बदलली की बाळाला एकाऐवजी दोन औषधं बघावी लागतात आणि नवीन लागू पडेल याची खात्री नसते. शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या अंगातलं रक्त आणि पाणी वाढलेलं असतं, कित्येक औषधं लवकर निघून जातात. त्यामुळे कधी कधी मात्रा वाढवावी लागते. हे ऐकून घरातले दचकतात. पण शिक्षिकेच्या आठव्या महिन्यात आम्हाला तेच करावं लागलं. बाळ जन्मल्यावर दोन दिवस थोडं थरथरलं, डॉक्टरांनी नजरेखाली ठेवलं, पेटीत ठेवायची वेळ आली नाही. आई घरी गेली ती बाळाला अंगावर पाजतच.

सगळ्यांची वाट अशीच नसते. चोपड्याकडची एक मुलगी घाबरण्याच्या त्रासासाठी एस्सिटॅलोप्राम घेत होती. आजार सौम्य, एकदाच झालेला, दीड वर्ष काही लक्षण नाही. तिला गोळी न घेता आई व्हायचं होतं आणि तिची ती इच्छा शहाणपणाची होती. आम्ही मात्रा तीन महिन्यांत पायरीपायरीने उतरवली. सोबत समुपदेशन सुरू ठेवलं, झोपेची वेळ बांधून दिली, नवऱ्याला कुठल्या खुणा दिसल्या तर लगेच फोन करायचा ते लिहून दिलं. गोळी पूर्ण सुटून काही महिने नीट गेल्यावरच त्यांनी मुलासाठी प्रयत्न सुरू केले. तिचं सगळं व्यवस्थित पार पडलं. गोळी बंद करायचीच असेल तर ती अशी बंद होते.

ज्यांना दिवस राहायला वेळ लागतो, त्यांची अवस्था अधिक नाजूक असते. दर महिन्याला पाळी आली की सासरच्या बायकांचे चेहरे बघावे लागतात, बारशाला ओटी भरताना हिला मागे उभं करतात. अशी बाई म्हणते की या गोळ्यांमुळेच मूल होत नसेल, आणि परस्पर सोडून देते. नैराश्याच्या गोळ्यांनी वंध्यत्व येतं असा ठोस पुरावा नाही. मात्र काही गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, हे खरं आहे. नवऱ्याला गोळ्या सुरू असतील तर त्याचाही तोच प्रश्न असतो. हे खुलेपणाने विचारलं की मार्ग निघतो. न विचारता निष्कर्ष काढला की बाईवर दोष येतो.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना हा आमच्याकडे कौतुकाचा काळ. बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा, पाचवीची पूजा. या सगळ्यात बाळंतिणीला विश्रांती आणि आधार मिळतो, ही मोठी ठेव आहे. पण त्याच काळात दुसरी परीक्षा येते: "गोळी चालू आहे, मग अंगावरचं पाजू नको." मग बाळाला वरचं दूध सुरू होतं, किंवा आईची गोळी बंद होते. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. आईच्या वजनाच्या हिशेबात तिला जेवढं औषध मिळतं, त्याच्या दहा टक्क्यांहून कमी बाळाला दुधातून जात असेल तर ते सहसा चालण्यासारखं मानतात. सर्ट्रालिनचं प्रमाण बहुधा दोन टक्क्यांच्याही खाली असतं. फ्लुओक्सेटिन शरीरात फार दिवस रेंगाळतं आणि दुधात अधिक उतरतं, म्हणून अगदी लहान, आजारी किंवा दिवस न भरलेलं बाळ असेल तर मी जास्त लक्ष ठेवते: बाळ नीट पितंय का, वजन वाढतंय का, फार सुस्त तर नाही. दूध पिळून फेकायची गरज पडत नाही.

मी घरच्यांकडून औषधाइतकंच आणखी एक मागते, ते म्हणजे आईची रात्रीची झोप. रात्रीचं एक पाजणं झालं की पुढचे चार-पाच तास बाळ आजीने, नवऱ्याने किंवा नणंदेने सांभाळावं. भूक लागलीच तर आधी काढून ठेवलेलं आईचं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं. धुळ्यातल्या एका घरात सासरेबुवांनी पहाटेची पाळी घेतली. "नाना बाळाला घेऊन ओट्यावर बसतात, मी झोपते," असं सून मला सांगत होती. तिच्या बऱ्या होण्यात त्या ओट्याचा वाटा मोठा आहे.

एक गोष्ट मात्र नैराश्याच्या हिशेबात बसत नाही आणि तिथे थांबायला वेळ नसतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, हजारातल्या एक-दोन बायकांना, अचानक झोप पूर्ण जाते, बोलणं असंबद्ध होतं, भलतेच आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाही असं वाटू लागतं. "मॅडम, इले बाहेरनं व्हयेल शे," असं सांगत एक आजी नातीला घेऊन आल्या तेव्हा भगताकडे जाऊन दोन रात्री गेल्या होत्या. हा तातडीचा आजार आहे. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. वेळेवर उपचार मिळाले तर अशा बायका चांगल्या बऱ्या होतात, तीही झाली. भरती करायची म्हटल्यावर पहिली भीती असते ती बाळ तोडलं जाण्याची. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलाला भरती असलेल्या आईपासून सहसा वेगळं करू नये, असं सांगितलं आहे; आई किंवा बाळाला धोका असेल तरच तेवढ्यापुरतं दूर ठेवता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई-बाळांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग २००९पासून सुरू आहे. खानदेशातल्या बायकांना तसं काही हाकेच्या अंतरावर मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गोव्यातला एक अभ्यास मी इथे कित्येकदा लोकांना सांगते, कारण तो आपल्या घरांसारख्याच घरांत झाला. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या आयांवर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं ते काम २००२ साली प्रसिद्ध झालं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण असेल तिथे धोका जास्त; मुलगा हवा असताना मुलगी झाली तिथेही जास्त. २०१७ साली भारतभरातले ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आकडा २२ टक्क्यांचा आला. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक. मुलीच्या जन्मानंतर पेढे न वाटणाऱ्या घरातली बाई माझ्यासमोर येते तेव्हा तिला गोळी देणं माझं काम आहे, पण त्या घरातल्या माणसांना समोर बसवणं हाही त्याच उपचाराचा भाग आहे. त्याच गोव्यात पुढे 'सखी' म्हणून तयार केलेल्या गावातल्या साध्या बायकांनी गरोदर मैत्रिणींना घरी जाऊन बोलण्याच्या उपचाराने आधार दिला. सौम्य आणि मध्यम त्रासात पुष्कळदा तेवढंच पुरतं, गोळी लागत नाही.

आपल्याकडे हे जमण्यासारखं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, वजन सगळं कार्डावर चढतं. त्याच रांगेत दोन प्रश्न विचारता येतील: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, आणि कशातच रस वाटेनासा झाला का. उत्तर 'हो' आलं तर बाईला एकटीला बाजूला घेऊन पुढचं विचारायचं, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का हेही. हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर बाहेर पडतो. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक २०२२पासून दिवसरात्र सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. आशाताई ज्या विश्वासाने घरात जातात, तो आम्हा डॉक्टरांना मिळत नाही. हा क्रमांक त्यांनी बाळंतिणीच्या आईच्या आणि सासूच्या फोनमध्ये भरून द्यावा.

स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींना माझी विनंती एकच असते. माझ्या पेशंटच्या हातात गोळ्यांचं पाकीट दिसलं तर 'हे सगळं बंद करा' म्हणण्याआधी मला फोन करा. मीही आता प्रत्येक गरोदर पेशंटच्या सोनोग्राफीच्या पिशवीत एक पत्र ठेवते: आजार कोणता, मागे किती गंभीर झाला होता, कुठली गोळी, किती मात्रा, बाळंतपणानंतर कुणी काय बघायचं. ते माहेरी पोचतं. काही डॉक्टर उलट पत्र पाठवतात, आणि तिथून त्या बाईचे उपचार एका हातातून दुसऱ्या हातात न सांडता जातात.

ज्या बायका हे वाचत असतील आणि ज्यांच्या उशाखाली गोळ्यांचं पाकीट असेल, त्यांना सांगायचं आहे. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरकडे या, नवऱ्याला घेऊन या. दिवस गेले असतील तर आजची गोळी घ्या आणि या आठवड्यात डॉक्टरला भेटा. फक्त व्हॅल्प्रोएट असेल तर त्याच दिवशी फोन करा, तरी स्वतःहून एकदम तोडू नका. चालू ठेवायची, उतरवायची की बदलायची, हे आपण मिळून ठरवू. त्या निर्णयात तुमच्या बाळाचा विचार पूर्ण होईल, आणि तुमचाही तेवढाच होईल. तुमचं बरं असणं ही बाळाची पहिली गरज आहे.